दगडी चर्चमधली इलेक्ट्रॉनिक मैफल : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर

चर्चच्या समितीचं पत्र आलं. २८ नोव्हेंबरची संध्याकाळ आपली. पत्रासोबत अटींची यादी आहे, ती आधी वाचली. भिंतीला खिळा नाही, क्लॅम्प नाही. दगडाला चिकटपट्टी नाही, कारण पट्टी काढताना जुन्या दगडाचा पापुद्रा तिच्यासोबत निघतो. धुराचं यंत्र नाही. त्याचा बारीक तेलकट थर चित्रांवर आणि ऑर्गनच्या नळ्यांवर बसतो. फरशीत काही थडगी आहेत, त्यांच्या कोरीव शिळांवर वजन ठेवायचं नाही. रविवार सकाळच्या उपासनेआधी सगळं होतं तसं झालं पाहिजे.

एकाही अटीत सूट मागायची नाही असं आम्ही ठरवलं. जी वास्तू कित्येक पिढ्यांनी सांभाळली ती एका संध्याकाळीपुरती आपल्याकडे येते आहे, तर अटी त्यांच्याच असायला हव्यात. धुराशिवाय प्रकाशाचे झोत हवेत दिसणार नाहीत, पण कमानींवर खालून प्रकाश टाकला की बाकी काही लागत नाही.

लोकांची मर्यादा ३००, सगळे बसलेले, बाजूच्या मार्गिका मोकळ्या. समितीची काळजी रास्त आहे. १३ डिसेंबर १९७४ रोजी फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलमध्ये टँजरीन ड्रीम या जर्मन गटाने सिंथेसायझरची मैफल केली, तेव्हा क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले होते. संगीत कितीही चांगलं झालं तरी वास्तूची जबाबदारी असलेल्या माणसांना आठवते ती गर्दी.

१६ सप्टेंबर

आज मापन. उपासनेची वेळ सोडून दुपार मिळाली, बाहेरची वर्दळही कमी होती.

घुमारा मोजायचे दोन मार्ग सोबत नेले होते. पहिला फुग्याचा. फुगा फोडायचा, आवाज विरेपर्यंत रेकॉर्ड करायचा. इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या ध्वनीचा अभ्यास स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशाच फुग्यांवरून केला. तिथे स्पीकर लावून मोजणं शक्य नव्हतं. फुग्यात खालच्या पट्टीची, म्हणजे जाड, खर्जाच्या आवाजाची ताकद मात्र कमी असते, आणि आपल्याला भीती खालच्या पट्टीचीच आहे. म्हणून दुसरा मार्ग : स्पीकरमधून एक सूर अगदी खालपासून वरपर्यंत सरकत न्यायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि मग गणिताने त्यातून वास्तूचा प्रतिसाद वेगळा काढायचा. आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत स्पीकरची स्वतःची विकृतीही बाजूला काढता येते, म्हणून तीच वापरली. वेदीजवळ, मधल्या बाकांवर, ऑर्गनच्या सज्ज्याखाली आणि खांबांमागे, अशा सगळ्या जागांवरून.

रिकाम्या चर्चचे आकडे : १२५ हर्ट्झला ६ सेकंद. १ किलोहर्ट्झला ५. ४ किलोहर्ट्झला २.७. ८ किलोहर्ट्झला १.३. हे आकडे म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ.

फाइल्सच्या दोन प्रती केल्या, एक चर्चच्या दप्तरासाठी. पॅरिसच्या नोत्र दामचं ध्वनिमापन २०१३ साली झालेलं होतं, म्हणून १५ एप्रिल २०१९च्या आगीनंतर जुना ध्वनी कसा होता ते सांगायला काहीतरी हाती होतं. जुन्या वास्तूंची मोजमापं, नकाशे, छायाचित्रं असतात. ध्वनीची नोंद क्वचितच असते. जी मंडळी अशा जागी कार्यक्रम करतात त्यांनी एवढं तरी मागे ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

१८ सप्टेंबर

मापनाचे आकडे समोर ठेवून दिवसभर बसले. वरच्या पट्टीत आवाज एवढा लवकर का विरतो? भिंती तर तिथेही दगडाच्याच. कारण हवा. चर्चचं आकारमान सुमारे ६,००० घनमीटर आहे, आवाज एवढ्या मोठ्या जागेत पुन्हा पुन्हा फिरतो, आणि ४ किलोहर्ट्झच्या वर हवाच तो शोषायला लागते. खाली हवा जवळजवळ काही करत नाही आणि दगडही नाही.

म्हणजे या चर्चमध्ये एकच घुमारा नाही. खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीचा काळ वेगवेगळा आहे. आजवर अशा जागांबद्दल मी "संथ वाजवा" हाच सल्ला ऐकला होता, आणि तो अपुरा आहे. संथ कुठे आणि किती, ते पट्टीवर ठरतं.

हिशोब असा. १ किलोहर्ट्झला ५ सेकंद म्हणजे दर सेकंदाला १२ डेसिबल घसरण. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद, म्हणजे पुढचा ठोका पडतो तेव्हा मागचा फक्त ६ डेसिबलने खाली आलेला असतो. १२५ हर्ट्झला तर ५च डेसिबल. त्यात मागचे, त्यामागचे सगळे साचत जातात. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, ठोका उरत नाही, त्याचा एक सलग गडगडाट होतो. ८ किलोहर्ट्झला मात्र सेकंदाला ४६ डेसिबल घसरण, म्हणजे पाव सेकंदात ११ डेसिबलहून जास्त. तिथे बारीक, जलद ठेका अगदी स्वच्छ ऐकू येईल.

रचना यावरून ठरली. लय वर. स्वरसंगती मध्ये, एक विरू लागल्यावरच दुसरी. तळाला एकच लांब सूर, आणि तो बदलायचा तर आधी शांतता.

आणखी एक प्रश्न लोकांचा. माणसं आवाज शोषतात. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन यांनी १८९५पासून रात्री-अपरात्री नाट्यगृहातल्या गाद्या व्याख्यानगृहात नेऊन, ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन हाच संबंध शोधला होता. त्यांचं सूत्र अजून पुरतं : ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले शोषण. आपल्या रिकाम्या चर्चमध्ये १ किलोहर्ट्झला शोषण निघतं १९३ चौरस मीटर. बसलेला एक माणूस या पट्टीत साधारण ०.४५ धरला तर ३०० माणसांचे १३५. नवा घुमारा सुमारे २.९ सेकंद. १२५ हर्ट्झला माणूस जेमतेम ०.१५ शोषतो, म्हणून तिथे ६चे फक्त ४.७ होतात.

हे नीट लक्षात ठेवायला हवं. चर्च भरलं की मधली पट्टी मोकळी होते, तळ त्या मानाने कमी बदलतो. रिकाम्या चर्चमध्ये समतोल वाटणारं मिश्रण त्या रात्री तळाकडे झुकलेलं ऐकू येणार.

२९ सप्टेंबर

मापनातून निघालेला प्रतिसाद कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये, म्हणजे मोजलेला घुमारा कुठल्याही आवाजाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकला आहे, त्यामुळे आता घरच्या हेडफोनमध्ये ते चर्च आहे. सरावाची पद्धतच बदलली. सिक्वेन्सरमधले (स्वरांचे क्रम आपोआप वाजवणाऱ्या यंत्रातले) जुने नमुने एकामागून एक लावून पाहिले. बरेचसे तिथल्या तिथे गळाले. दाट अर्पेजिओ, म्हणजे स्वरसंगतीचे स्वर एकामागून एक वाजवणं, मधल्या पट्टीत नुसता ढग होतात. तेच अर्पेजिओ दोन सप्तक वर, टोकदार आणि आखूड स्वरांत, सुंदर लागतात.

सिंथमधला स्वतःचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि डिले (आवाज उशिरा सोडणं) सगळीकडे बंद केला. जिथे आधीच पाच सेकंद आहेत तिथे आणखी घालण्यात अर्थ नाही. स्वर सोडताना त्याची शेपूट आता मी ठरवत नाही. सुरुवात तेवढी माझी. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या आरंभावर पूर्वी कधी घेतली नव्हती एवढी मेहनत घेते आहे. चढाव ५ मिलिसेकंदांचा की ४०चा, यावर दूरच्या बाकावरच्या माणसाला तो स्वर कळणार की नाही हे अवलंबून आहे.

६ ऑक्टोबर

स्पीकर कुठे ठेवायचे, यावर साऊंड इंजिनिअर सहकारी आणि मी बराच वेळ बोलत होतो.

समोर वेदीपाशी दोन मोठे स्पीकर आणि त्यांनी मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं, हा नेहमीचा मार्ग इथे चालणार नाही. थेट आवाज आणि घुमारा समसमान होण्याचं अंतर सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्पीकरसाठी इथे फक्त २ मीटर निघतं. त्यापुढे बसलेल्याला स्पीकरपेक्षा भिंतीच जास्त ऐकू येतात. आवाज वाढवून हे सुटत नाही, भिंतींचा आवाजही तेवढाच वाढतो. उपाय दोनच : स्पीकरची दिशा आवळायची आणि माणसांच्या जवळ जायचं. उंच, सडपातळ कॉलम स्पीकर उभ्या दिशेत अरुंद फेकतात, छताला आवाज कमी जातो. त्यांनी हेच अंतर सुमारे ६ मीटर होतं. म्हणून खांबांच्या ओळीने आठ कॉलम, जमिनीवरच्या स्टँडवर, पायांखाली जाड नमदा. प्रत्येकाने आपल्यापुरत्या बाकांचीच जबाबदारी घ्यायची, आणि म्हणून आवाज लहान ठेवायचा.

जे भाग "समोरून" ऐकू यायला हवेत त्यांना मागच्या कॉलमांवर डिले. २२ मीटरला आवाज ६४ मिलिसेकंद घेतो, त्यावर १२ वाढवले. हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात दाखवलं होतं की आधी पोचलेला आवाज दिशा ठरवतो, किंचित मागून येणारा जवळचा आवाज थोडा मोठा असला तरी कान आधीच्याकडेच वळतो. मागच्या बाकावरच्या माणसाला स्पष्टता शेजारच्या कॉलममधून मिळेल आणि दिशा वेदीची वाटेल.

मधल्या भागात मात्र डिले काढून टाकायचा आणि आठही दिशांना वेगवेगळं वाजवायचं. चर्चमध्ये ही कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या सान मार्कोमध्ये १५२७ साली संगीतप्रमुख झालेले विलार्त आणि पुढे जोव्हान्नी गाब्रिएली यांनी वादक-गायकांचे गट दूरदूर ठेवून एकमेकांना उत्तरं द्यायला लावली. त्याच शहरात १९८४ साली सान लोरेंझो या चर्चमध्ये संगीतकार लुइजी नोनो यांच्या 'प्रोमेतेओ' या रचनेचा पहिला प्रयोग झाला : वास्तुकार रेंझो पियानो यांनी उभारलेल्या लाकडी रचनेत श्रोते मध्ये, वादक भोवतीच्या सज्ज्यांवर, आणि फ्रायबर्गच्या स्टुडिओचं लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स आवाज फिरवत होतं. घुमाऱ्याच्या जागेत आवाज फिरवायचा तर तो हळू फिरवावा लागतो, हे आजच्या चाचणीत पुन्हा दिसलं. झर्रकन फिरवला की तो फक्त सगळीकडे असतो.

१९ ऑक्टोबर

ऑर्गनवादक भेटले. शांत माणूस, कळपट्टीला हात लावण्याआधी भिंतीवरचा तापमापक पाहतात. त्यांना म्हटलं, "पहिल्या भागात तुमचा ऑर्गन आणि माझा सिंथ एकाच स्वरावर हवेत." ते म्हणाले, "कुठल्या तापमानाचा स्वर हवा ते सांगा."

ऑर्गनचा स्वर नळीतल्या हवेवर ठरतो. हवा थंड झाली की ध्वनीचा वेग कमी होतो आणि स्वर उतरतो, दर अंशाला साधारण ३ सेंट. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. हा ऑर्गन १८ अंशांना ४४० हर्ट्झवर लावलेला आहे. नोव्हेंबरअखेर आत १२ अंश असले तर १८ सेंट खाली, म्हणजे सुमारे ४३५.४ हर्ट्झ. शिवाय पत्तीच्या नळ्या (ज्यांत पातळ पत्ती थरथरून आवाज होतो), ट्रंपेटसारख्या, साध्या नळ्यांइतक्या उतरत नाहीत. थंडीत दोन्ही एकत्र लावल्या की आपापसातच बेसूर. म्हणून फक्त साध्या नळ्या.

चर्च आदल्या दिवशी तापवून ऑर्गन वर आणावा का, हा विचार आला. ऑर्गनवादकांनी नको म्हटलं. झटपट तापवलेली कोरडी हवा जुन्या लाकडाला आणि चामड्याला तडे देते. बरोबर आहे. सिंथ सगळा एका नॉबने खाली येतो, तर खाली सिंथने यावं. मैफलीआधी अर्धा तास ऑर्गनचा एक स्वर मोजायचा आणि सगळी यंत्रं त्याला लावायची.

२० ऑक्टोबर

मनोऱ्यातलं घड्याळ दर तासाला ठोके देतं. मैफल साडेसातला सुरू होते, आठचे ठोके मध्येच पडणार. समिती घड्याळ थांबवायला तयार होती. आम्ही नको म्हटलं, आणि आज घंटा रेकॉर्ड केली.

घंटेच्या आवाजात काय असतं ते वर्णपटात, म्हणजे त्यातले सूर सुटे करून, मांडून पाहणं हा स्वतंत्र आनंद आहे. ठोक्याचा स्वर जी. त्याखाली साधारण एक सप्तक गुणगुण, पण ही घंटा जुनी असल्याने ते सप्तक नेमकं नाही. आणि सगळ्यात ठळक, वरचा लघु तृतीय : जीच्या वर बी फ्लॅट, कोमल गंधार. कुठल्याही अशा घंटेत तो असतो, म्हणून घंटेचा नाद उदासवाणा वाटतो. विंचेस्टर कॅथेड्रलच्या थोरल्या घंटेच्या अशाच विश्लेषणातून संगीतकार जोनाथन हार्वे यांनी १९८०मध्ये एक अख्खी आठ-चॅनेलची रचना उभी केली होती. माझं काम लहान आहे : आठ वाजता तळातला लांब सूर घंटेच्या खऱ्या गुणगुणीवर असावा, आणि शुद्ध गंधार कुठेच नसावा.

अडचण एकच. घंटेचा स्वर थंडीने ऑर्गनसारखा उतरत नाही. १८ अंशांना दोघांत ४ सेंटचा फरक, १२ अंशांना २२. एकाच वेळी दोघांशी जुळणं शक्य नाही. ऑर्गन पावणेआठला वाजायचा थांबेल, मग सिंथ हळूहळू २२ सेंट वर चढत घंटेपर्यंत जाईल. पंधरा मिनिटांत एवढी चढण कुणाला कळणारही नाही.

२ नोव्हेंबर

वीज. सगळी ध्वनियंत्रं एकाच वितरण बॉक्समधून, दिवे वेगळ्या लाइनवर. ऑर्गनच्या भात्याची मोटर सुरू झाली की येणारी घरघर ग्राउंड लूपची होती, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याची. लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये ट्रान्सफॉर्मरचे डीआय बॉक्स (विजेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे नेणारे) घातले, गेली. केबल रबरी मॅटखालून, चिकटपट्टीशिवाय.

१३ नोव्हेंबर

रंगीत काचांची चाचणी. आजच्या इतकी काळजी दुसऱ्या कुठल्या कामाची वाटली नव्हती.

काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. वर्षांनुवर्षांत शिसं सैलावतं, त्यातलं पुटिंग सुकतं, आणि खालच्या आवाजाला एखादं तावदान थरथरायला लागतं. देखभाल पाहणाऱ्या बाई सोबत उभ्या राहिल्या. "तुम्ही हळूच सुरू करा," म्हणाल्या, "कुठली खिडकी आधी बोलेल ते मला माहीत आहे." सूर ३० हर्ट्झपासून अगदी सावकाश वर नेला. ४७ ते ५० हर्ट्झमध्ये त्यांनी दाखवलेलीच खिडकी बोलली, दक्षिणेकडची दुसरी.

तळातला जी ४९ हर्ट्झला होता. तो रचनेतून काढला. एक सप्तक वर, ९८ हर्ट्झला. आवाज कमी करून तिथेच ठेवता आला असता, पण लोक आल्यावर, उत्साहाच्या भरात, तो वाढला तर? जो स्वर काचेला नको तो तिथे वाजूच नये. सबवूफरला, म्हणजे तळाच्या आवाजाच्या स्पीकरला, ६० हर्ट्झखाली कडक फिल्टर लावून तो लॉक केला.

खिडकीच्या कट्ट्यावर कंपनमापकही ठेवला होता. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकात वारसावास्तूंसाठी, अल्पकाळच्या कंपनांना, पायापाशी सर्वांत कडक मर्यादा सेकंदाला ३ मिलिमीटर आहे. आपली कंपनं सलग असणार, म्हणून आम्ही त्याच्या खूप खालची रेघ आखली आणि तिच्याही खाली राहिलो. सैल तावदानाची माहिती समितीला लेखी दिली, काच-संवर्धकाला दाखवायला.

२७ नोव्हेंबर

मांडणी झाली. आत १३ अंश. ॲनालॉग ऑसिलेटर थंडीत सरकत आहेत. त्यांच्यातल्या ट्रान्झिस्टरचा स्वभावच असा की तापमानाच्या अंशाला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. भरपाई करणारा रोधक बसवलेला असतो, पण यंत्र आतून स्थिर तापायला तास लागतो. उद्या दुपारपासून सगळं चालू ठेवायचं.

रंगीत तालीम रिकाम्या चर्चमध्ये ऐकताना मिश्रण मुद्दाम तळाला कमी ठेवलं, ते कानाला किरकोळ वाटलं. सहकाऱ्यांनी विचारलं, थोडं वाढवू या का? नाही. उद्या ३०० माणसं बसली की हेच भरेल. आकड्यांवर विश्वास ठेवायची हीच वेळ आहे.

२८ नोव्हेंबर, रात्री उशिरा

झाली मैफल. सगळे बाक भरले. सात वाजता ऑर्गन ४३६ हर्ट्झच्या आसपास होता, यंत्रं तिथे आणली. पहिले दोन स्वर लागले तेव्हा ऑर्गन कुठे संपतो आणि सिंथ कुठे सुरू होतो हे मलाही सांगता आलं नसतं. वरचा बारीक ठेका शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला. आठचे ठोके पडले तेव्हा तळाचा सूर त्यांच्या खाली नेमका होता, आणि बरेच जण एकदम मनोऱ्याकडे वळून पाहू लागले.

खिडकी गप्प राहिली. पहाटे एकपर्यंत फरशी मोकळी होती.

१ डिसेंबर

रेकॉर्डिंग तपासलं. शेवटच्या भागाआधी सगळ्या पट्ट्यांचा एक भरगच्च स्वरसमूह अचानक तोडून पूर्ण थांबा ठेवला होता. संगीतासाठी तो हवाच होता, पण त्याचा दुसरा उपयोग आधीच ठरवलेला होता : लोक बसलेले असतानाचा घुमारा त्या विरण्यातून मोजता येतो, भरल्या चर्चमध्ये शिट्टीसारखे सूर सोडावे लागत नाहीत. १ किलोहर्ट्झला २.७ सेकंद, अंदाज २.९चा होता. लोकांनी थंडीमुळे जाड कोट अंगावरच ठेवले होते, त्यांनी जास्त शोषलं. १२५ हर्ट्झला ४.८, अंदाज ४.७.

हे आकडे, सप्टेंबरच्या फाइल्स, घंटेचा वर्णपट आणि स्पीकरच्या जागांचा नकाशा समितीकडे दिला. ऑर्गनवादकांनी एक प्रत मागून घेतली. समितीने पुढच्या वर्षीची तारीख विचारली आहे. आम्ही आत १८ अंश असतील असा महिना मागितला आहे. तेव्हा ऑर्गन आणि घंटा एकमेकांपासून ४ सेंटवर असतील, आणि आठच्या ठोक्यांना ऑर्गनवादकांना थांबावं लागणार नाही.